मे महिन्यातला बूस्ट

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरचा डेस्कटॉप घरघरू लागतो. काम वाढलं की प्रोसेसर मूळ वेगाच्या वर जातो, तोच बूस्ट. इंटेलने तो २००८ साली टर्बो बूस्ट नावाने आणला. वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून शेवटच्या थोड्याशा वेगापायी उष्णता भरमसाट. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केलं, की बहुतेक संगणकांत बूस्ट थांबतो. टायपिंगला फरक जाणवत नाही. व्हिडिओ एडिटिंगला मात्र जास्त वेळ लागतो. पण त्याआधी प्लग काढून, पंखा बोटाने धरून, हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसलेली धूळ ब्रशने काढाच. अर्धा ताप तिचाच असतो.