नाच्याचा खुलासा

‘सेलर मून’ ही जपानी ॲनिमेशन मालिका १९९२ मध्ये सुरू झाली. पुढे तिच्यात आलेल्या हारुका आणि मिचिरू या दोन तरुणी एकमेकींच्या प्रेमात आहेत. इंग्रजी आवाज चढवताना त्यांना नात्यातल्या बहिणी ठरवण्यात आले. नजरा आणि स्पर्श मात्र पडद्यावर तसेच राहिले.

क्वीअर वाचन म्हणजे पात्रांवर आपल्या मनचे काही लादणे, असा समज आहे. माझ्या मते ते एवढेच विचारते : लिंगभाव आणि लैंगिकता यांबाबत कथा कुठे घाईने खुलासा करू लागते, आणि तो कोणासाठी?

हाच प्रश्न आपल्या नाच्याला लावून पाहू. ‘नटरंग’ (२०१०) हा रवी जाधव यांचा चित्रपट आनंद यादवांच्या कादंबरीवर आधारलेला. तमाशाचे वेड असलेला शेतमजूर गुणा फड उभारतो. फडाला नाच्या हवा, पण त्या कामाला कोणी तयार होत नाही. शेवटी पिळदार शरीराचा गुणाच नाच्या होतो. गाव हसते, घर तुटते, त्याच्यावर लैंगिक अत्याचार होतो. आपण हळहळतो. पण त्याचे कमावलेले अंग, बायको-मुलगा, नयनाचे प्रेम हे सारे चित्रपटाने दाखवून ठेवलेले असते. ‘हा तसा नाही’ याची खात्री पटली, की आपली सहानुभूती मोकळी होते. गुणा खरोखर ‘तसा’ असता, तर तो अन्याय कमी ठरला असता काय?

गणपत पाटलांनी पडद्यावरचा नाच्या अजरामर केला. ते संसारी गृहस्थ होते, हे आपण आवर्जून सांगतो. आदरापोटीच सांगतो, पण तोही खुलासाच.

बालगंधर्वांकडून असा खुलासा कोणी मागितला नाही. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि घरंदाज स्त्रियाही त्यांच्या नेसण्याची नक्कल करू लागल्या. संगीत नाटकाला प्रतिष्ठा होती, तमाशाला नव्हती, हे एक कारण. दुसरे अधिक खोल आहे. बालगंधर्व भूमिकेपुरते स्त्री होत. नाच्या पुरुष म्हणूनच बायकी वागतो. पहिल्याला आपण कला म्हणतो, दुसऱ्याला हसतो.

आमच्या विदर्भातल्या खडी गंमतीत पुरुषच लुगडे नेसून नाचतो. यवतमाळच्या वाटेवरच्या गावांतून ती पाहताना मीही पोट धरून हसलो आहे. समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुसला. त्या हसण्याचा खुलासा मात्र नाच्याने नव्हे, आपणच द्यायचा आहे.