संगणकांतील घराचा पत्ता

१९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेल्या आमच्या नव्या मुंबईंत सेक्टर १० वाशीला आहे, नेरूळला आहे आणि खारघरलाहि आहे. पाहुण्यानें रिक्षावाल्यास नुसतें "सेक्टर १०" म्हटलें, तर तो जेथें उभा असेल तेथलाच सेक्टर समजतो. संगणकाचेंहि असेंच आहे.

संगणकावर एखादी प्रणाली बसविली म्हणजे तिच्या फाइली एका फोल्डरांत राहतात. तें तिचें घर. नित्याचीं कामें करवून घेण्यासाठीं आपण आज्ञांची जी यादी लिहितों, तीस स्क्रिप्ट म्हणतात. तिला या घरांतील फाइली हव्या असतात. पण घर कोठें आहे?

पूर्ण पत्ता यादींतच लिहिला, तर घर हलतांच यादी निरुपयोगी होते. अपूर्ण पत्ता लिहिला, तर तो चालविणारा ज्या फोल्डरांत उभा असेल तेथून मोजला जातो. म्हणून जाणते लोक स्क्रिप्टकडूनच तिचें ठिकाण काढून घेतात. लिनक्समध्यें 'डॉलर-शून्य' या खुणेंत, स्क्रिप्टला ज्या नांवानें हांक मारली तें नांव असतें. 'डर्नेम' ही आज्ञा त्यांतील शेवटचें नांव गाळून फोल्डर देते. कधीं तें नांव म्हणजे खरी फाइल नसून दुसरीकडे बोट दाखविणारी पाटी असते. तेव्हां 'रीडलिंक' आज्ञा मूळ जागा सांगते.

परंतु मिळालेलें उत्तर तपासल्यावांचून त्यावर विसंबूं नये. २०१५ च्या जानेवारींत 'स्टीम' या खेळांच्या प्रणालीचा एक दोष उघडकीस आला. तिच्या लिनक्सवरील स्क्रिप्टनें स्वतःचें फोल्डर विचारलें. उत्तर रिकामें आलें. पुढें आज्ञा होती, "त्या फोल्डराखालील सर्व पुसून टाक." फोल्डराचें नांवच नाहींसें झाल्यानें तिचा अर्थ झाला, "मुळापासून सर्व पुसून टाक." एका वापरकर्त्याच्या साऱ्या फाइली, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील प्रतींसह, नष्ट झाल्या.

तेव्हां नियम सोपा आहे. पत्ता विचारावा, तो रिकामा नाहीं हें पाहावें, त्या घरांत ओळखीची एखादी फाइल आहे याची खात्री करावी, मगच काम करावें. खात्री न पटल्यास थांबावें. पत्ता न सांपडल्यास पोस्टमन पत्र परत नेतो, भलत्याच दारांत टाकीत नाहीं. यंत्राला हा शहाणपणा उपजत नसतो. तो आपणच लिहून द्यावा लागतो.