वाचता वाचता विचारा

पुस्तक वाचून दाखवताना मूल अगदी चिडीचूप ऐकत असलं, की घरच्यांना कौतुक वाटतं. भाषा वाढायची असेल, तर त्यानं मधेमधे बोललेलंच बरं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे पालक दोन गटांत होते. दोन्ही गट घरी चित्रपुस्तकं वाचत. पण एका गटाला वाचताना प्रश्न कसे विचारायचे आणि उत्तरात भर कशी घालायची, हे शिकवलं होतं. महिनाभरात त्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली.

पद्धत सोपी आहे. चित्र पाहून मूल ‘भूभू’ म्हणालं, तर मोठ्यांनी म्हणावं, ‘हो, काळा भूभू! कुठे लपलाय तो?’ चिऊ-काऊची गोष्ट पाठ झाली असेल, तर कावळा दार वाजवतो तिथे थांबावं; पुढचं मूलच म्हणतं.

ओळीखालून बोट फिरवलं, की मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, दोन शब्दांत मोकळी जागा असते, हे मुलाला दिसतं. ‘चाहूल’, ‘घनदाट’ असे रोजच्या बोलण्यात क्वचित येणारे शब्दही कानावर पडतात.

अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं मात्र वेगळी शिकवावीच लागतात. फरक पडतो तो नंतर: अक्षरं जुळवून वाचलेला शब्द आधी ऐकलेला असेल, तर त्याचा अर्थ चटकन लागतो.

सुरुवातीला माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी, घरातल्या माणसांची चित्रपुस्तकं सोयीची पडतात. तेच पुस्तक रोज मागितलं, तरी वाचावं. प्रश्न तेवढे बदलावेत.