एंडोस्कोपीतही लपणारा पोटाचा कॅन्सर

आजचा विषय जरा जड आहे. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे हा भाग माहितीसाठी ऐका, औषधोपचारासाठी नाही.

जठराचा कॅन्सर बहुतेक वेळा उतारवयात होतो. एच. पायलोरी या जंतूचा जुना संसर्ग, तंबाखू, खारवलेलं अन्न ही त्याची नेहमीची कारणं. पण एक दुर्मीळ प्रकार घराण्यातून येतो : आनुवंशिक डिफ्यूज गॅस्ट्रिक कॅन्सर. जठराच्या एकूण कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम १ ते ३ टक्के.

याचं मूळ सापडलं न्यूझीलंडमध्ये. तिथल्या एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या माणसं याच आजाराने जात होती, कित्येक तर चाळिशीच्या आत. शेवटी कुटुंबच शास्त्रज्ञांकडे गेलं. ओटागो विद्यापीठाचे पॅरी गिलफर्ड आणि त्यांच्या टीमने कुटुंबाच्या साथीने शोध घेतला आणि १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर छापून आलं : सीडीएच१ नावाच्या जनुकातला बिघाड.

हे जनुक काय करतं? ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनवतं. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा डिंकच समजा. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन कॉपी असतात. एक जन्मतःच बिघडलेली असेल आणि एखाद्या पेशीत दुसरीही बंद पडली, तर ती पेशी शेजारणींपासून सुटते. या सुट्या पेशींमध्ये चिकट द्रव साठतो आणि केंद्रक कडेला ढकललं जातं. मायक्रोस्कोपखाली त्या खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात.

आता खरी गोची. या पेशी गाठ न करता अस्तराखाली विखरून पसरतात. वरचं अस्तर जसंच्या तसं! म्हणून सुरुवातीला एंडोस्कोपी नॉर्मल दिसू शकते, अनेक ठिकाणचे तुकडे तपासले तरी निसटू शकते. लक्षणंही साधीच : थोडं खाल्लं तरी पोट भरणं, मळमळ, वजन उतरणं. आपण ॲसिडिटी म्हणून गोळी घेतो आणि विसरतो.

पुढे काय होतं, हे कळण्याच्या वेळेवर ठरतं. जठराचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला तर पाच वर्षांनंतरही ९० टक्क्यांच्या आसपास रुग्ण जगतात. हा प्रकार लक्षणं दिसू लागल्यावर सापडला, तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

आई किंवा बाबांकडे हा बिघाड असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. बिघाड असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नाही. आधी ७० टक्क्यांच्या वरचे अंदाज होते, नंतरच्या अभ्यासांत ते ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास आले. बायकांना स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरचाही धोका असतो.

म्हणून विशी-तिशीतच एक अवघड प्रश्न समोर येतो : काहीही त्रास नसताना अख्खं जठर काढून टाकायचं का? तज्ज्ञ बहुतेकदा हाच सल्ला देतात. नको असेल, तर दरवर्षी एंडोस्कोपी. जठराशिवाय जगता येतं. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. मग थोडं थोडं, वारंवार खायचं, आयुष्यभर बी१२ घ्यायचं. वजनही बरंच उतरतं. सोपं नाहीये, पण होतं. आणि टेस्टमध्ये घरातला बिघाड तुमच्यात नाही असं निघालं, तर तेवढी टांगती तलवार गेली!

तर या आठवड्यात घरी विचारा : आजोबा, आत्या, मामा कशाने गेले? किती वयात? 'पोटाचं दुखणं' म्हणजे नेमकं काय होतं? जवळच्या दोघांना जठराचा कॅन्सर झाला असेल आणि त्यातला एक तरी डिफ्यूज प्रकारचा असेल, किंवा कुणाला हा प्रकार पन्नाशीच्या आत झाला असेल, तर डॉक्टरांना जेनेटिक टेस्टबद्दल जरूर विचारा. जुने रिपोर्ट सापडले तर फोटो काढून ठेवा.

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!