एक्सएमपीपीचा क्लायंट: ऐकीव गोष्टी आणि खरं काम

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचे विषय निघाले की ‘चॅट ॲप’ त्यात हमखास असतं. एखादा चिकित्सक विद्यार्थी शोधत शोधत एक्सएमपीपीपर्यंत पोचतो. निरोपांच्या देवाणघेवाणीचा हा खुला प्रोटोकॉल आहे. पत्ता ईमेलसारखा असतो, सर्व्हर कुणीही चालवावा आणि क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या हातातलं ॲप, कुणीही लिहावं. तिथे त्याला पहिला सल्ला मिळतो: ‘गूगलने सोडला, फेसबुकने सोडला. मेलेल्या प्रोटोकॉलच्या नादी कशाला लागतोस?’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये ‘जॅबर’ या नावाने हे काम जाहीर केलं. २००४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने त्याला मानकाचं रूप दिलं आणि २०११ मध्ये सुधारित मानकं आली. गूगल टॉक २००५ मध्ये याच पायावर उभा राहिला. पुढच्या वर्षी तो इतर सर्व्हरशीही बोलू लागला आणि २०१३ मध्ये हँगआउट्स आणून गूगलने हळूहळू अंग काढून घेतलं. फेसबुकने २०१० मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीचं दार ठेवलं होतं, तेही २०१५ मध्ये बंद झालं. शिवाय त्या दारातून फेसबुकच्या बाहेर कधीच जाता येत नव्हतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

पण व्हॉट्सॲपची सुरुवातच ईजॅबरडी या एक्सएमपीपी सर्व्हरवर झाली. त्यांनी प्रोटोकॉल पिळून-कापून आपल्यापुरता करून घेतला, हे खरं. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे इतर ॲपना दार उघडायची वेळ आली, तेव्हा मार्च २०२४ मध्ये मेटाच्याच अभियंत्यांनी लिहिलं की, बाहेरच्या ॲपनी ज्या प्रोटोकॉलने जोडून घ्यायचं तो एक्सएमपीपीवर आधारलेला आहे. निन्टेन्डो स्विच या खेळयंत्राच्या सूचनाही ईजॅबरडीवरून जातात. मेलेल्याचा संसार बराच मोठा दिसतो.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. ‘क्लायंट म्हणजे काय, दोन स्क्रीन. एक यादीचा, एक गप्पांचा. बाकी सगळं सर्व्हर बघतो.’ आठवड्याभरात असा नमुना तयार होतो, निरोप जातो-येतो, मित्र टाळ्या वाजवतात. मग कुणीतरी तो घेऊन प्रवासाला निघतं.

गाडी खंडाळ्याच्या घाटात आहे. ‘पोचलो की फोन करतो’ लिहून बटण दाबलं आणि गाडी बोगद्यात शिरली. फोनमधल्या टीसीपी जोडणीला वाटतं, सगळं ठीक आहे. ती तुटल्याचं कळायला कित्येक मिनिटं लागू शकतात. क्लायंटने निरोप ‘पाठवला’ म्हणून खूण केली आणि तो कुठेच पोचला नाही. यावर उपाय म्हणजे एक्सईपी-०१९८ हा जोडप्रस्ताव. क्लायंट आणि सर्व्हर दोघेही किती पाकिटं हाताळली ते मोजत राहतात. क्लायंट मध्येच विचारतो, ‘कुठवर आलं?’ सर्व्हर आकडा सांगतो. जोडणी तुटून पुन्हा लागली की क्लायंट आपला आकडा पुढे करून जुनंच सत्र चालू करायला सांगतो आणि पोचपावती न मिळालेली पाकिटं परत पाठवतो.

सत्राची मुदत संपली असेल तर? मग सर्व्हरवरच्या संग्रहातून, म्हणजे एक्सईपी-०३१३ वापरून, शेवटच्या ओळखीच्या निरोपापुढचं सगळं मागवायचं. त्यात आपणच पाठवलेलेही निरोप येतात. लॅपटॉपवरून लिहिलेल्यांच्या प्रती एक्सईपी-०२८० मुळे फोनवरही येतात. आता एकच निरोप तीन वाटांनी आला आणि तो पडद्यावर एकदाच, योग्य जागी दिसला पाहिजे. क्लायंट लिहिणाऱ्याचे महिने जातात ते इथे. रंग आणि बुडबुडे शेवटी.

याच प्रतींनी फेब्रुवारी २०१७ मध्ये पुष्कळ क्लायंटना एकदम गोत्यात आणलं. प्रत आपल्याच खात्याकडून आली आहे का, हे तपासायचं राहून गेलं होतं. त्यामुळे कुणीही बनावट प्रत पाठवून दुसऱ्याच्या नावाने बोलू शकत होतं. प्रस्तावात ही तपासणी सांगितलेली होती. वाचणाऱ्यांनी ती ओळ ओलांडून पुढची घेतली.

एक्सएमपीपीचे निरोप एक्सएमएलमध्ये लिहिलेले असतात. ‘एक्सएमएल जड, त्याने बॅटरी खाल्ली जाते’ हेही फार ऐकू येतं. बॅटरी खातो तो फोनचा रेडिओ, दर थोड्या वेळाने जागा केल्यामुळे. कोण आलं, कोण गेलं, कोण टंकतंय असल्या किरकोळ बातम्या सर्व्हरने ॲप मागे असताना रोखून धराव्यात म्हणून एक्सईपी-०३५२ आहे. एक्सएमएलची खरी अडचण वेगळीच असते. इथे पूर्ण दस्तऐवज कधी हातात येतच नाही. जोडणी सुरू होताना एक टॅग उघडतो आणि तो जोडणी संपतानाच बंद होतो. त्यामुळे आख्खा दस्तऐवज मागणारा पार्सर निरुपयोगी ठरतो. येईल तसतसं वाचणारा लागतो. आणि रेग्युलर एक्स्प्रेशनने टॅग फोडणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

जोडप्रस्तावांचे क्रमांक चारशेच्या पुढे गेले आहेत, ते पाहूनच अनेक जण गळाठतात. त्यातले कितीतरी मागे घेतलेले किंवा पडून राहिलेले आहेत. एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशन वेळोवेळी एक यादी काढतं: साध्या गप्पांना काय लागतं, मोबाइलला काय, कॉलला काय. तेवढी धरून चालावं. तळाचं कामही स्वतः लिहू नये. जावासाठी स्मॅक, पायथनसाठी स्लिक्सएमपीपी, क्यूटीसाठी क्यूएक्सएमपीपी या लायब्रऱ्या आहेत.

ओमेमो या एन्क्रिप्शन पद्धतीबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, एक्सएमपीपीत एन्क्रिप्शनच नाही. ओमेमो २०१५ पासून आहे आणि त्यात सिग्नलची डबल रॅचेट पद्धत वापरली आहे. दुसरा, ओमेमो लावलं की कुणालाच काही कळत नाही. सर्व्हरला कोण कोणाशी आणि कधी बोललं ते दिसतंच. आज सर्रास चालणाऱ्या जुन्या आवृत्तीत फक्त निरोपाचा मजकूर झाकला जातो. वापरणाऱ्याला हे ॲपमध्येच स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आयफोनसाठी लिहिणार असाल तर ‘मला सर्व्हर लागत नाही’ हेही विसरा. तिथे ॲपला मागे राहून जोडणी धरून ठेवता येत नाही. सूचना ॲपलमार्फत जाते, तिची किल्ली ॲप बनवणाऱ्याकडे असते, म्हणून मधला छोटा पुश सर्व्हर त्यालाच चालवावा लागतो.

प्रोटोकॉल खुला म्हणजे ॲप फुकट, असंही नाही. कॉन्व्हर्सेशन्स हा अँड्रॉइडवरचा नावाजलेला क्लायंट वर्षानुवर्षं प्ले स्टोअरवर पैसे घेऊन विकला गेला आणि एफ-ड्रॉइडवर मोफत मिळाला. कोड दोन्हीकडे तोच, मुक्त.

आता खास मराठीचा मुद्दा. एखाद्या निरोपाला उत्तर देताना मूळ मजकुराचा उतारा कुठून कुठवर आहे, हे नव्या प्रस्तावांत आकड्यांनी सांगायचं असतं आणि ते आकडे युनिकोडच्या संकेतबिंदूंत मोजायचे असतात. ‘क्षि’ घ्या. डोळ्याला एक अक्षर. संकेतबिंदू चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये बाइट बारा. जिथे स्ट्रिंगची लांबी बाइटांत मोजली जाते, तिथे इंग्रजी चाचण्या हिरव्या दिसतात आणि मराठी उतारा मधूनच तुटतो. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये लांबी चारच येते, म्हणून निव्वळ मराठीवर सगळं जमल्यासारखं वाटतं. शेवटी हात जोडलेला साधा पिवळा इमोजी आला की गणित चुकतं, कारण तो बिंदू एक असला तरी तिथे दोन मोजला जातो. स्विफ्ट तर अक्षरगट मोजते, तिथे आकडा आणखी वेगळा.

म्हणून नवा क्लायंट लिहायच्या आधी गजिम, डिनो किंवा मोनल यांपैकी एखादा तयार क्लायंट घेऊन त्यात जोडाक्षरं, इमोजी आणि उतारे घालून भरपूर मराठी लिहून पाहा. जिथे फाटेल तिथली तक्रार त्या प्रकल्पाकडे नीट लिहून नोंदवा. जमलं तर दुरुस्तीही पाठवा.