एक्सप्र: कमांड लाइनवरची बेरीज आणि आपल्या गावाचा एसटीडी कोड

लिनक्स लॅबमध्ये साधी बेरीज करायची असली तरी आपण मोबाईलमधला कॅल्क्युलेटर काढतो. समोरच्या काळ्या खिडकीत हे काम करणारी एक जुनी, छोटी कमांड आहे. तिचं नाव एक्सप्र, म्हणजे एक्स्प्रेशनचं आखूड रूप. (हा मराठी विभाग असल्याने कमांड आणि आकडे देवनागरीत छापलेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक.)

एक्सप्र ७ + ५

असं दिलं की १२ छापून येतं. पण ७+५ असं चिकटवून लिहिलं तर उत्तर येतं ७+५! कारण एक्सप्रला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक चिन्ह वेगळा शब्द म्हणून लागतो. चिकटलेलं सगळं एकच स्ट्रिंग, आणि एकट्या स्ट्रिंगची किंमत ती स्वतःच. गुणाकारात दुसरी गंमत. चांदणीचा अर्थ शेलच्या भाषेत 'इथल्या सगळ्या फाइल्स', त्यामुळे एक्सप्रपर्यंत चांदणी पोचतच नाही, फाइलींची नावं पोचतात आणि सिंटॅक्स एरर येते. म्हणून \* लिहायचं. 'पेक्षा मोठा' हे चिन्ह तर आणखी डेंजर. एक्सप्र ५ > ३ लिहिलंत तर एररसुद्धा येत नाही, गुपचूप ३ नावाची फाइल तयार होते आणि तिच्यात ५ लिहिलेला सापडतो. तिथेही \> हवं.

भागाकार फक्त पूर्णांकात. मेसचे १०० रुपये तिघींत वाटायला एक्सप्र १०० / ३ केलं की ३३ येतात. उरलेला रुपया % चिन्हाने विचारायचा. पैशांचा हिशोब पैशापर्यंत हवा असेल तर बीसी वापरा, एक्सप्रच्या नादी लागू नका.

इतकी कटकट असताना ही कमांड आलीच कशाला? कारण १९७९ मधल्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये जो बोर्न शेल आला, त्याला स्वतःला बेरीज येत नव्हती. लूपमधला काउंटर एकने वाढवायचा तरी एक्सप्रला हाक मारावी लागे. पुढे शेललाच $(( )) असे डबल कंस मिळाले आणि बहुतेकांनी एक्सप्र सोडून दिलं. ते फास्ट आहे, चांदणीपुढे बॅकस्लॅश नको, सगळं कबूल. पण दोघांच्या स्वभावात एक फरक आहे, आणि हा लेख मी खरं तर त्याच्यासाठीच लिहिते आहे.

मी शिरूरची, माझी रूममेट दौंडची. (शिरूर म्हणजे घोडनदीवालं. बीड आणि लातूर जिल्ह्यातही शिरूर आहेत, त्यामुळे हे सांगावंच लागतं.) दोन्ही गावं पुणे जिल्ह्यातच, पण एसटीडी कोड वेगळे: शिरूरचा ०२१३८, दौंडचा ०२११७. समजा, रेक्टर मॅडमच्या रजिस्टरमधली पालकांच्या लँडलाइनची यादी कोणी स्क्रिप्टमधून फिरवली आणि कोडचा आकडा करायला डबल कंसात शून्य मिळवलं. बॅशमध्ये आम्ही दोघींनी करून बघितलं.

$((०२१३८ + ०)) वर एरर: 'व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस'.
$((०२११७ + ०)) वर उत्तर: ११०३.

"अगं, माझं गाव तरी चाललं!" रूममेट म्हणाली. पण चाललं कुठे? शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला समजायचा, ही सी भाषेची रीत बॅशने उचलली आहे. (ऑक्टलला मराठीत अष्टमान म्हणतात हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना डिक्शनरीत बघावं लागतं.) अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून शिरूरला दारातच अडवलं. दौंडच्या कोडात सगळे अंक ७ किंवा त्याहून लहान, म्हणून तो आत गेला आणि २×५१२ + १×६४ + १×८ + ७ असा ११०३ होऊन बाहेर आला. माझ्या मते शिरूरचं नशीब चांगलं. एरर आली की माणूस बघतो तरी. ११०३ यादीत जाऊन बसला तर रात्री कोणी आजारी पडल्यावर घरी फोन लावेपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही.

एक्सप्र इथे सरळ वागतं. एक्सप्र ०२१३८ + ० चं उत्तर २१३८, आणि दौंडचं २११७. त्याच्या लेखी सगळं दशमान. डबल कंसच वापरायचे असतील तर बॅशमध्ये $((१०#०२११७)) असं लिहून 'हा दशमान आहे' हे सांगावं लागतं.

लँडलाइन आता किती घरांत उरली, असं कोणी म्हणेल. पण हाच शून्य महिन्यातही आहे. डेट कमांड महिना ०१, ०२ असा देते. आमच्या एका सीनियरची मेस बिलाची स्क्रिप्ट मागचा महिना काढायला त्यातून एक वजा करायची. जुलैपर्यंत उत्तम. ऑगस्टमध्ये ०८ आला आणि बंद! सप्टेंबरमध्येही ०९ मुळे तेच. ऑक्टोबरात १० आला आणि आपोआप बरी झाली. त्यामुळे सगळ्यांना वाटलं की सर्व्हरच खराब होता.

शून्य जसाच्या तसा ठेवायचा असेल तर कोडला आकडा न मानता स्ट्रिंग माना. एक्सप्र ०२१३८ : '.*' हे अक्षरं मोजून ५ सांगतं. एक्सप्र ०२१३८ : '०\(.*\)' पुढचा शून्य काढून २१३८ देतं. लिनक्सवरच्या जीएनयू एक्सप्रमध्ये तुकडा तोडायला सबस्ट्र आहे:

एक्सप्र सबस्ट्र ४१३८०१ १ ३

हा दौंडचा पिनकोड, उत्तर ४१३. शिरूरच्या ४१२२१० चं येतं ४१२. पहिले तीन अंक टपालाचा सॉर्टिंग जिल्हा दाखवतात, म्हणून एकाच जिल्ह्यातली ही गावं इथे वेगळी पडतात. सबस्ट्र आणि लेंग्थ मॅकवर मिळतीलच असं नाही. कोलनवाली पद्धत सगळीकडे चालते.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. एक्सप्रचं उत्तर ० किंवा रिकामं आलं तर त्याचा एक्झिट स्टेटस १ असतो, म्हणजे शेलच्या दृष्टीने 'फेल'. वर सेट -ई लिहिलेलं असेल तर एक्सप्र ५ - ५ सारखी निरुपद्रवी ओळसुद्धा स्क्रिप्ट तिथेच थांबवते. गणित चुकीचं असेल तर स्टेटस २ येतो, त्यावरून फरक ओळखा.

आणि लॅबमध्ये मोकळा वेळ असेल तर एक्सप्र लेंग्थ ला मराठी नाव देऊन बघा. 'शिरूर' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युटीएफ-८ लोकेल आणि नवीन जीएनयू एक्सप्र असेल तर उत्तर ५, कारण वेलांटी आणि उकार वेगळे मोजले जातात. सी लोकेल असेल तर १५, कारण मग प्रत्येक खुणेचे तीन बाइट. 'दौंड'चे ४ आणि १२.