परसातील कंपोस्ट व झाडांची मुळे

परसातील पालापाचोळा, भाजीचे देठ व शेण यांपासून खत सिद्ध करण्याच्या रीतीला शास्त्रीय बैठक लाभली ती इंदूर येथे. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांचा तद्विषयक ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला; वाड यांचे नाव मात्र हॉवर्ड यांच्याइतके कोणी घेत नाही. खत कसे करावे हे तेव्हापासून पुष्कळ सांगितले गेले. ते झाडाला केव्हा व कोठे द्यावे, याची चर्चा त्या मानाने थोडी.

वाळलेल्या पानांत कर्ब व नत्र यांचे प्रमाण पुष्कळदा ५० : १ हूनही अधिक असते. अशी पाने अर्धवट कुजलेल्या स्थितीत मातीत मिसळल्यास सूक्ष्मजंतू स्वतःच्या वाढीसाठी मातीतीलच नत्र ओढून घेतात, आणि खत घालूनही झाड पिवळे पडते. हे प्रमाण साधारणतः २० : १ च्या खाली उतरल्यावरच नत्र मोकळे होऊ लागते. ढीग उलथल्यावर पुन्हा तापत नाही व खताला ओल्या मातीचा वास येतो, एवढी कसोटी घरगुती कामास पुरेशी होय.

बुंध्याशी खताची रास घालण्याची चाल तर सर्वस्वी त्याज्य मानावी. तेथे ओल साचून साल कुजते. शिवाय वाढलेल्या झाडाची अन्नशोषक मुळे बुंध्यापाशी थोडीच असतात. आंब्यासारख्या झाडास फांद्यांच्या घेराच्या कडेखाली वर्तुळाकार चर काढून, पावसाळ्याच्या आरंभी, खत मातीत कालवून द्यावे. चर उथळच हवा. खोल खणल्यास ज्या मुळांसाठी खत द्यावयाचे तीच तुटतात.